मोटारीचे दात

जुन्या वस्तूंविषयी माणसाला वाटणारे प्रेम दोन जातींचे असते. एक जात अडकित्ता, तांब्याचा बंब, वडिलांची काठी यांच्यावरील प्रेमाची. तेथे वस्तू आपल्यापाशी काही मागत नाही. ती कोपऱ्यात पडून राहते आणि आपण वर्षातून एकदा तिच्याकडे पाहून सद्गदित व्हावे, एवढीच तिची अपेक्षा असते. दुसरी जात वेगळी आहे. तीतल्या वस्तू म्हाताऱ्या झाल्या तरी तारुण्यातला आपला खुराक सोडीत नाहीत. पूर्वी या वर्गात शर्यतीचा घोडा आणि संस्थानिकांचा हत्ती यांची गणना होत असे. हल्ली त्यांची गादी जुन्या वेगवान मोटारीने पटकावली आहे.

आमच्या कोरेगावात अशा मोटारीचा विचार कोणाच्या मनात यावा, हेच मुळी विपरीत वाटेल. साताऱ्याहून त्रिपुटीवरून येणाऱ्या रस्त्यावर गळिताच्या दिवसांत दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि जेथे ट्रॅक्टर नाही तेथे गतिरोधक असतो. परंतु माझ्या पुतण्याच्या मनात तो विचार आला. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. शेती त्याच करतो, आणि माझ्या मते आमच्या सबंध घराण्यात उत्तम करतो. २०२३ च्या पावसाळ्यात आल्याचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा त्याच्या रानात आले उभे होते. आमच्याकडे आले गाडीवर विकतात. एक गाडी म्हणजे पाचशे किलो. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीनंतर एके सायंकाळी तो येऊन, “काका, एक गाडी घ्यायची म्हणतोय,” असे बोलला, तेव्हा तो बियाण्याविषयी बोलतो आहे असेच मी क्षणभर धरून चाललो. त्याला हवी होती स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. ही, वीस वर्षांपूर्वीची, टर्बो इंजिनाची मोटार.

दुसऱ्याच दिवशी वहिनी आल्या. “भावोजी, तो तुमचं ऐकतो. तुम्ही नको म्हणा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी कारण सांगितले नाही व मी विचारले नाही. माझे थोरले बंधू ज्या रात्री गेले त्या रात्री ते मोटारसायकलवरून साताऱ्याहून परतत होते. त्रिपुटीच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. तिला मागे ना दिवा होता, ना तांबडी पट्टी. बंधूंचा वेग त्या वेळी फार नव्हता, असे पंचनाम्यावरून दिसते. वेग आणि मृत्यू यांची जी सांगड वहिनींच्या मनात बसली आहे ती तर्काने सुटणारी नव्हे, आणि ती सोडवू पाहणे हा उद्धटपणा झाला असता. तथापि मी “नको” म्हटले नाही. तरण्या माणसाला स्वतःच्या घामाच्या पैशाने एक हौस पुरवावीशी वाटली, तर वडीलधाऱ्यांनी निषेधाचा ठराव करण्यापेक्षा ती हौस डोळे उघडे ठेवून पुरविली जाते की नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत आहे. “मी सोबत येतो, मी बरी म्हणेन तीच घ्यायची,” अशी अट मी घातली, व ती त्याने मान्य केली.

खरी दोन आसनांची क्रीडा-मोटार आपल्या देशात फारशी झालीच नाही. बंगळूरच्या सॅन कंपनीने १९९८ मध्ये स्टॉर्म नावाची एक चिमुकली, उघड्या टपाची मोटार काढली; अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनॉचे, साठ अश्वशक्तीचे. पुढे दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली. पण या गाड्या इतक्या थोड्या निघाल्या, की आज त्यांचा आरसा फुटला तर नवा मिळविण्यासाठी संशोधन-निबंधाइतके श्रम पडावेत. तेव्हा सामान्य ऐपतीच्या हौशी माणसाला उरते ती चार दारांची, दिसायला गृहस्थाश्रमी, परंतु इंजिनाने रंगेल अशी मोटार. ऑक्टाव्हिया आर. एस. या जातीची. ती आपल्याकडे २००४ मध्ये आली. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात ती जोडली जाई. १.८ लिटरच्या इंजिनातून दीडशे अश्वशक्ती निघत असे, आणि त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर हा आकडा चैनीचाच होता.

माझे वडील बैल घ्यावयास पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेस जात, व लहानपणी मला बरोबर नेत. बैलाच्या पाठीवरची झूल, शिंगांचा रंग, कपाळावरचा भोवरा यांविषयी विकणारा जे काही बोले ते ते शांतपणे ऐकून घेत आणि मग जबडा उघडून दात पाहात. दुसा, चौसा, सहादाती की जुळलेला, हे एकदा कळले म्हणजे विकणाऱ्याच्या वक्तृत्वाचा अर्धा भाग आपोआप बाद होई. त्यानंतर खूर पाहणे, चालवून पाहणे, आणि शेवटी जुवाला जुंपून पाहणे. १९३० च्या माल-विक्रीच्या कायद्याने सोळाव्या कलमात घेणाऱ्याने सावध राहावे असे जे तत्त्व सांगितले आहे, त्याचे याहून चांगले भाष्य मी इंग्रजी ग्रंथांतही वाचलेले नाही.

मोटारीलाही दात असतात. पुण्यातील एका दलालाकडे आम्ही पहिली मोटार पाहिली. काळा रंग असा चकचकीत, की त्यात स्वतःचा चेहरा पाहून भांग पाडावा. आकडा अवघा बासष्ट हजार किलोमीटरांचा. परंतु क्लचच्या पायटीचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, चालकाच्या आसनाची बाहेरची कड उसवली होती, आणि सुकाणूच्या चक्रावरील कातडे जेथे हात टेकतो तेथे आरशासारखे झाले होते. बासष्ट हजारांत असे होत नाही. मी बॉनेटवर हात ठेवला. तो गरम होता. आम्ही येण्यापूर्वी इंजिन चालवून ठेवले होते. हे ज्याने केले त्याला काही लपवावयाचे आहे, असे खुशाल समजावे. कारण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलते ते ऊब आल्यावर बोलत नाही. निळसर धूर म्हणजे ते तेल जाळीत आहे. दाट पांढरा धूर निघतच राहिला तर थंडाव्याचे पाणी जेथे जाऊ नये तेथे जात आहे. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर तेथूनच नमस्कार करून परतावे. पुतण्याने कापडात गुंडाळलेला एक लोहचुंबक आणला होता. तो मागच्या चाकावरील पत्र्यास लावला तर चिकटेना. तेथे पत्रा कमी आणि लांबी फार होती. मोटार कोठे तरी जबरदस्त ठोकली गेली असावी. दलाल शेवटपर्यंत आम्हांस चहाचा आग्रह करीत होता.

सांगलीकडून आलेल्या मोटारींविषयी आणखी एक सावधगिरी लागते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात पुष्कळ मोटारी दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या, आणि त्यांतील काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. आसनाखालच्या रुळांत वाळलेला गाळ, पट्टा पूर्ण ओढून काढल्यावर त्याच्या टोकाशी दिसणारी मातकट रेघ, आणि गालिचा उचलल्यावर येणारा तळघराचा वास, ह्या तीन साक्षी सहसा फुटत नाहीत.

तथापि सर्वांत मोठी फसवणूक विकणारा करीत नाही. ती किंमत करते. मोटार जुनी झाली म्हणजे तिचे मोल उतरते, पण तिच्या सुट्या भागांचे उतरत नाही. एके काळी धनिकांनी घेतलेली मोटार आज साध्या नव्या मोटारीच्या निम्म्या-पाव किमतीला मिळेल. परंतु तिचा टर्बो बिघडला तर तो आजही धनिकाच्याच भावाने घ्यावा लागतो. या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा एक पट्टा आहे. तो ठरलेल्या किलोमीटरांनी आणि ठरलेल्या वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल त्याप्रमाणे, बदलावयाचा असतो. मोटार दारात नुसती उभी असली तरी पट्ट्याचे वय वाढतच असते. तो तुटला की झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळतात आणि सबंध इंजिन निकामी होते. म्हणून पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून भाव करावा. टायरांवरही चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असे दिसले तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, रबर म्हातारे झालेले असते, आणि वेगवान मोटारीत म्हातारे रबर हा जिवाशी खेळ आहे. मोटारीच्या किमतीचा तिसरा हिस्सा निराळा बांधून ठेवता येत नसेल तर त्या किमतीची मोटार आपल्याला परवडत नाही, असे मी पुतण्याला स्पष्ट सांगितले. त्याने हिशेब केला आणि आपली मर्यादा एक लाखाने खाली आणली. आल्याचे भाव त्या सुमारास उतरू लागलेच होते.

आणखी एक गंमत आहे. आपल्या जिल्ह्यातील उसापासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलात मिसळते. २०२५ पर्यंत देशात हे मिश्रण वीस टक्क्यांवर गेले. जुन्या मोटारीतल्या रबरी नळ्या आणि चकत्या या मद्यार्काच्या सवयीच्या नाहीत. त्या कडक होतात, चिरतात, पाझरतात. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच दारातल्या मोटारीच्या नळ्या खातो! जुनी मोटार घेणाऱ्याने या नळ्या आधीच बदलण्याची तरतूद करावी.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र पुतण्याला काही शिकवावे लागले नाही. ज्याने सातबारा आणि फेरफार वाचले आहेत त्याला आर. सी. बुक अवघड नाही. बँकेचा बोजा उतरला आहे का, चेसिसवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, विमा चालू आहे का, एवढे तो एका नजरेत पाहातो. दिल्लीची एक आर. एस. फारच स्वस्तात मिळत होती. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या मोटारींना मनाई केल्यापासून तिकडच्या मोटारी इकडे उतरत आल्या आहेत. परंतु ना-हरकत दाखला, येथला कर, नवी नोंदणी आणि त्यासाठीचे हेलपाटे यांची बेरीज केली तेव्हा स्वस्ताई वाटेतच संपली. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच पाच वर्षांनी करावे लागते, पर्यावरण कर निराळा भरावा लागतो, आणि नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलात सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली.

शेवटी कोल्हापुरास एका निवृत्त डॉक्टरांची २००६ सालची मोटार आम्हांस मिळाली. रंग उडालेला, मागचा बंपर खरचटलेला, आकडा एक लाख अठरा हजार. डॉक्टरांनी प्रथम मोटार दाखविलीच नाही. एक जाड फाईल पुढे ठेवली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तीत तारीखवार होती, बेल्ट दोनदा बदलल्याची सुद्धा. बॉनेट थंडगार होते. “सुरू तुम्हीच करा,” ते पुतण्याला म्हणाले. इंजिन एका किल्लीत सुरू झाले आणि धूर दिसला नाही. साताऱ्याचा आमचा मिस्त्री खाली झोपून अर्धा तास पाहात होता. बाहेर येऊन त्याने दोन दोष सांगितले: ब्रेकच्या तबकड्या झिजल्या आहेत, आणि पुढच्या दिव्यांची काच पिवळी पडून उजेड निम्मा झाला आहे. डॉक्टरांनी ते दोन्ही आपल्या तोंडाने आधीच सांगितले होते. भाव करताना पुतण्याने फार ताणले नाही, आणि मीही त्याला ताणू दिले नाही. अशा माणसाकडून पाच-दहा हजार जास्त देऊन घेणे हीच काटकसर होय.

बाजूला बांधून ठेवलेल्या रकमेतून पहिला खर्च झाला तो ब्रेक, टायर आणि दिवे यांचा. मोटार आठ दिवस साताऱ्यास मिस्त्रीकडेच राहिली. ती दारात आली त्या सायंकाळी वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी वेगाविषयी काही विचारले नाही. “दिवे लाव बघू,” त्या म्हणाल्या. त्याने लावले. उजेड अंगण ओलांडून, गोठ्यावरून, पलीकडे रस्त्याला उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीपर्यंत गेला. त्या काही वेळ तिकडे पाहात राहिल्या आणि आत गेल्या.

अद्याप त्या मोटारीत बसलेल्या नाहीत. २०२५ च्या दसऱ्याला तिला झेंडूचा हार मात्र त्यांनीच घातला.