जुनं गाणं कशाला म्हणायचं?

एक प्रश्न विचारतो. गीतरामायणाला कुणी ‘जुनी गाणी’ म्हणताना ऐकलंय? १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, छप्पन्न गाणी. सत्तर वर्षं उलटली, पण रामनवमी आली की आपल्या हैदराबादेतही कुठे ना कुठे म्हटलं जातंच. त्याला जुनं कोण म्हणणार? उलट १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया’ची गाणी माझी नात सरळ ‘ओल्ड साँग्ज’ म्हणते.

म्हणजे वय हे काही माप नव्हे. तबकडी म्हणाल, तर लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. ती वस्तू जुनी खरी, पण तेच गाणं आता मोबाइलवर वाजतं. कायदा म्हणाल, तर ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. पण तो मालकीचा हिशोब झाला.

मी पडलो बँकेचा माणूस. खातेदाराने दोन वर्षं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. पण पैसा बुडत नाही. खातेदार किंवा वारस कागद घेऊन आला की परत मिळतो. गाण्याचं तसंच आहे. मधे खंड पडला आणि मग कुणीतरी ते पुन्हा मागायला आलं, की ते जुनं गाणं. गीतरामायणाचा व्यवहार कधी थांबलाच नाही. आणि जे कुणी मागितलंच नाही, ते जुनं नाही, नुसतं विसरलेलं.

अमेरिकेत आर्ट लॅबो नावाच्या रेडिओवाल्याने १९५९ मध्ये ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाची एलपी काढली. त्यातली गाणी अवघी काही वर्षांपूर्वीची! पण श्रोते फर्माईश करून तीच मागत होते.

हे सगळं सांगायचं कारण असं. आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जुन्या गाण्यांची बैठक भरवतो. नियम असा की १९७० च्या पुढचं गाणं नको. एकेकाळी तीसेक जण यायचे, आता अकरा उरलोत. परवा पन्नाशीच्या एका ताईंना १९९१ च्या ‘साजन’मधलं गाणं म्हणायचं होतं. ‘ते कसलं जुनं?’ म्हणून एकाने त्यांना थांबवलं. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना मला जिन्यात म्हणाल्या, “काका, ती कॅसेट ताईने सुलतान बाजारातून आणली होती. ती गेल्यापासून ते गाणं मी लावलंच नव्हतं. आज पहिल्यांदाच म्हणणार होते.”

आता सांगा, याहून जुनं गाणं कोणतं?

मी सुचवलंय की सालाची अट काढून टाका. गाणाऱ्याने फक्त एवढं सांगावं, हे पूर्वी कुणाबरोबर ऐकलं होतं. दोघा-तिघांना पटलेलं नाही. “उद्या रॅप म्हणतील!” म्हणाले. म्हणू देत की हो. तीस वर्षांनी कुणी आठवणीने मागितलं, तर ऐकायला तेव्हा बैठक तरी शिल्लक असायला हवी. १९७० वर अडून बसलो, तर ती आमच्याबरोबरच संपेल.

तुमच्याकडे काय नियम आहे, जरूर लिहा.