खेडे हा घटक

स्वित्झर्लंडमध्ये पहिली मोड हातात पडली की त्यातले एक फ्रँकचे नाणे उजेडात धरून पाहावे. मधोमध हेल्व्हेशिया उभी आहे, एका हातात भाला, दुसऱ्या हाताशी ढाल, आणि भोवती ताऱ्यांचे कडे. देशाचे नाव जर्मनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये नाही, इटालियनमध्येही नाही. ते लॅटिनमध्ये आहे. लॅटिन आज इथे कुणाचीच मातृभाषा नाही, त्यामुळे तिच्यावरून कुणाचे मन दुखावत नाही. तारे मोजले तर १९८२ पर्यंतच्या नाण्यांवर २२ भरतात आणि १९८३ पासूनच्या नाण्यांवर २३. एक तारा म्हणजे एक कँटन, आपल्या भाषेत घटकराज्य. कँटन एकूण २६ आहेत, पण त्यांतली सहा अर्धी धरली जातात, म्हणून तारे २३. नवे राज्य तंट्याशिवाय जन्माला येत नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. हा तेविसावा तारा कुठून आला ते समजून घ्यावे म्हणून मी झ्युरिक, बर्न, बील, मूतिए असा मार्ग धरला. पाहुण्यांचे लक्ष इथल्या श्रीमंतीकडे, शिस्तीकडे आणि स्वच्छतेकडे आधी जाते. माझे म्हणणे असे आहे की निर्णय ज्याच्या अंगावर येणार, त्याला तो राहतो त्या गावापर्यंत जाऊन विचारायची सवय हीच या देशाची सर्वांत मोठी कमाई आहे.

झ्युरिकहून बर्नला गाडीने सुमारे तासभर लागतो. डब्यावर रेल्वेचे नाव तीन भाषांतल्या तीन आद्याक्षरांच्या जुळण्यांनी लिहिलेले असते. देश मराठवाड्याहून बराच लहान, क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर आणि वस्ती ९० लाखांच्या आसपास. पण एवढ्या जागेत २,१०० च्या आसपास स्वतंत्र गावे, म्हणजे कम्यून आहेत, आणि प्रत्येक कम्यूनला स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार आहे. नागरिकत्वाची सुरुवातही गावापासून होते. आधी माणूस गावाचा नागरिक, मग कँटनचा, मग देशाचा. स्विस पासपोर्टवर जन्मस्थळ लिहीत नाहीत, मूळ गाव लिहितात. त्या गावात या माणसाने कधी पाऊलही ठेवलेले नसेल, तरी ते गाव त्याला आपला म्हणते. आडनावात गाव बांधून जगभर हिंडणाऱ्या मराठी माणसाला यातला ओलावा लगेच कळेल. आपल्याकडे मात्र ती ओळख नावापुरती उरली, इथे ती राज्यघटनेचा पाया झाली.

बर्नला कायद्याने ‘राजधानी’ हा शब्द दिलेला नाही, ते ‘संघराज्याचे शहर’ आहे. १८४८ ची राज्यघटना आदल्या वर्षीच्या छोट्याशा यादवी युद्धातून निघाली होती. कॅथलिक कँटनांचा गट आणि बाकीचे यांच्यातले ते युद्ध चार आठवड्यांच्या आत संपले आणि त्यात शंभराच्या आसपास माणसे मेली. सेनापती द्यूफूर यांनी हरलेल्यांना दयेने वागवण्याची ताकीद सैन्याला दिली होती. जिंकलेल्यांनी पुढे जे राज्य बांधले त्यात हरलेल्यांना धसका बसेल असे बलाढ्य केंद्र ठेवले नाही. संसद भवनासमोरच्या चौकात फरशीतून पाण्याच्या २६ धारा उडतात, प्रत्येक कँटनाची एक. बाजाराच्या दिवशी त्याच परिसरात भाजीचे गाळे लागतात, आणि गाजरांच्या जुड्यांच्या मागे, काही पावलांवर, देशाचे सरकार बसलेले असते. हे सरकार सात जणांचे आहे. संसदेची दोन्ही सभागृहे मिळून २४६ सदस्य या सातांना चार वर्षांसाठी निवडतात. पंतप्रधान नाही. राष्ट्राध्यक्षपद या सातांतच एकेका वर्षासाठी फिरते आणि ते मिळालेल्याच्या हाती इतर सहांवर हुकूम चालवण्याचा अधिकार येत नाही. १९५९ पासून बहुतेक काळ मोठे पक्ष सगळेच सरकारात असतात. आत मतभेद कितीही झाले तरी निर्णय सातांचा म्हणून बाहेर येतो.

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप एका मराठी माणसाने घेतलेला आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकन आणि स्विस पद्धतींचा एकत्र विचार केला. तिथे स्थैर्य जास्त आणि उत्तरदायित्व कमी, ब्रिटिश पद्धतीत याच्या उलट, असे त्यांनी मांडले आणि भारतासाठी उत्तरदायित्वाच्या बाजूने कौल दिला. स्वित्झर्लंडच्या सात मंत्र्यांना संसद मध्येच काढू शकत नाही. मुदत संपल्यावर पुन्हा न निवडण्याचा प्रकारही १८४८ पासून फक्त चार वेळा घडला. तेव्हा आक्षेप खराच आहे. पण बर्नमध्ये उभे राहून विचार करताना मला वाटते, इथे उत्तरदायित्वाने जागा बदलली आहे. मंत्र्याचे पद सुरक्षित असते, मंत्र्याचा निर्णय तेवढा सुरक्षित नसतो. संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की तो मतदारांपुढे न्यावाच लागतो. राज्यघटनाच बदलायची असेल तर १८ महिन्यांत १,००,००० सह्या लागतात, आणि मग जनतेचे बहुमत हवे, शिवाय कँटनांचेही. मे १९९२ मध्ये सरकारने युरोपीय समुदायात प्रवेशासाठी अर्ज केला होता. डिसेंबरमध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात जाण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी फेटाळला गेला. एवढ्या पराभवानंतर लंडनमध्ये सरकार टिकले असते का, याची मला शंका आहे. बर्नमध्ये सरकार गेले नाही. तेच सरकार वेगळ्या वाटेने ब्रसेल्सशी बोलणी करायला बसले आणि त्यातून निघालेले करार २००० साली मतदारांनी मोठ्या बहुमताने मान्य केले. बाबासाहेबांनी भारतासाठी केलेली निवड मला चूक वाटत नाही. लोकांना वर्षातून तीन-चारदा विचारण्याची सोय आणि सवय जिथे नाही, तिथे न हटवता येणारे मंत्रिमंडळ धोक्याचेच ठरले असते.

ही सवय हातात धरून पाहता येते. मतदानाच्या काही आठवडे आधी घरोघर पाकीट येते, त्यात मतपत्रिका आणि लाल मुखपृष्ठाची छोटी पुस्तिका. प्रश्न काय आहे, सरकार आणि संसद काय म्हणते, विरोधकांचे म्हणणे काय, हे साध्या भाषेत, आणि सरकारच्याच खर्चाने. आपल्या विरोधातला युक्तिवाद स्वतः छापून घराघरांत पोचवणारे सरकार मला फार मोलाचे वाटते. भरलेले पाकीट बहुतेक जण टपालानेच परत पाठवतात.

मात्र विचारले म्हणजे न्याय झाला, असे म्हणणारा स्वित्झर्लंडचा इतिहास विसरतो. स्त्रियांना मताधिकार द्यावा का, हे १९५९ मध्ये विचारले गेले. विचारले फक्त पुरुषांना, आणि दोन तृतीयांश पुरुषांनी नको म्हटले. तो अधिकार मिळायला १९७१ उजाडले. अपेन्झेल इनररोडन या अर्ध्या कँटनात तर स्थानिक मताधिकारासाठी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हुकूम द्यावा लागला. २००९ मध्ये मशिदींना मिनार बांधण्यावर ५७.५ टक्के मतांनी बंदी आली. संघराज्याच्या संसदेने केलेला कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द करण्याचा अधिकार तिथल्या न्यायालयाला नाही, म्हणून अल्पसंख्याकाला बहुमतावर दाद मागण्याची वाट अरुंद आहे. हा दोष मी झाकत नाही. पण तो बारकाईने पाहिला तर माझेच म्हणणे पुढे जाते. १९५९ चा अन्याय घडला तो ज्यांच्या अंगावर निर्णय येणार होता त्यांना, म्हणजे स्त्रियांनाच, प्रश्न न विचारल्यामुळे.

बर्नहून वायव्येला गाडी अर्ध्या तासात बीलला पोचते. फलाटावर पाटी ‘बील/बिएन’ अशी दोन भाषांत, रस्त्यांची नावेही तशीच. जर्मन आणि फ्रेंच मुलखांमधली सीमा इथे एका गावातून जाते, फ्रिबूर आणि व्हाले या कँटनांमध्ये तर कँटनाच्याच मधून. भाषेची रेघ आणि राज्याची रेघ एक नाहीत. देशात सुमारे ६२ टक्के लोक जर्मन, २३ टक्के फ्रेंच, आठ टक्के इटालियन बोलतात, आणि अर्धा टक्का लोकांच्या रोमान्श भाषेला १९३८ मध्ये मतदारांनी प्रचंड बहुमताने राष्ट्रभाषांत जागा दिली. म्हणून स्विस लोकांना भाषेचा प्रश्न कधी पडलाच नाही, अशी समजूत आपल्याकडे दिसते. ती बीलच्या पुढच्या लांब बोगद्यापलीकडे टिकत नाही.

बोगदा संपतो तिथे मूतिए. चुनखडीच्या दोन घळींच्या मधे बसलेले, बीर्स नदीकाठचे साडेसात हजार वस्तीचे हे गाव घड्याळांचे बारीक भाग कातणाऱ्या लेथसाठी नावाजलेले आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने हा बहुतांशी फ्रेंचभाषक ज्युरा प्रदेश जर्मनभाषक, प्रॉटेस्टंट बर्न कँटनाच्या पदरात टाकला, लोकांना न विचारता. १९४७ पासून वेगळ्या कँटनाची चळवळ पेटली, साठच्या दशकात जाळपोळही झाली. मग १९७४ मध्ये साऱ्या ज्युराला विचारले गेले आणि काठावरच्या बहुमताने वेगळे व्हायचे ठरले. इथेच कुणी थांबले असते तर उरलेल्या निम्म्यांवर नवे राज्य लादले गेले असते. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी, विरोधात मत दिलेल्या दक्षिणेच्या जिल्ह्यांना पुन्हा विचारले, त्यांनी बर्नमध्ये राहणे निवडले. त्यानंतर सीमेवरच्या गावांना एकेक करून विचारले. १९७८ मध्ये साऱ्या देशाने ८२ टक्क्यांनी आणि प्रत्येक कँटनाने होकार दिला आणि १ जानेवारी १९७९ ला ज्युरा कँटन अस्तित्वात आले. तेविसावा तारा तो हा. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही चतुःसूत्री बेळगाव-कारवारच्या सीमाप्रश्नात मराठी माणसाने वर्षानुवर्षे मांडली आहे. ती कागदावरून जमिनीवर उतरली की कशी दिसते, ते मूतिएच्या परिसरात पाहायला मिळते.

यावरही आक्षेप आहेत. ज्युरावाद्यांचा राग असा की एकसंध मातृभूमीचे या पद्धतीने तुकडे केले. त्यांचे दुःख खरे आहे. पण दक्षिणेचा प्रॉटेस्टंट शेतकरी फ्रेंच बोलत असला तरी उत्तरेच्या कॅथलिक शेजाऱ्यांबरोबर राहायला तयार नव्हता, आणि त्याची इच्छा इतरांनी ठरवण्याचा मार्ग न्यायाचा झाला नसता. दुसरा आक्षेप, मतदानही भ्रष्ट होऊ शकते. होतेच. बर्न कँटन सोडावे का, यावरच्या लाउफेन खोऱ्याच्या १९८३ च्या कौलाआधी त्या कँटनाच्या सरकारने गुप्तपणे एका बाजूला पैसा पुरवल्याचे उघड झाले, सर्वोच्च न्यायालयाने तो कौल रद्द केला, १९८९ मध्ये फेरमतदानात निकाल उलटला आणि १९९४ मध्ये ते खोरे बाझेल-लांडशाफ्ट कँटनात गेले. मूतिएचा २०१७ चा कौल ज्युराच्या बाजूने लागला, तोही मतदारयादीतल्या गैरप्रकारांवरून रद्द झाला. एकदा सत्ताधाऱ्यांची चूक, एकदा चळवळीच्या बाजूची, आणि उपाय दोन्ही वेळा एकच: पुन्हा विचारणे. तिसरा आक्षेप, हे श्रीमंत देशाला परवडते. १८४८ चा स्वित्झर्लंड श्रीमंत नव्हता. तीनच वर्षे आधी ग्लारुस कँटनातल्या उपासमारीने गांजलेल्या लोकांना सार्वजनिक पैशातून अमेरिकेला पाठवून तिथे न्यू ग्लारुस वसवावे लागले होते. गावाला विचारण्याची रीत समृद्धीच्या आधीची आहे.

मूतिएने २०२१ मध्ये पुन्हा मत दिले, सुमारे ५५ टक्के ज्युराच्या बाजूने, आणि १ जानेवारी २०२६ पासून गाव त्या कँटनात गेले. मूतिएच्या कडेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बेलप्राओं हे काहीशे वस्तीचे खेडे आहे. तिथलेही लोक फ्रेंच बोलतात, खरेदीला मूतिएलाच उतरतात. त्यांना २०१७ मध्ये वेगळे विचारले गेले. थोड्याशा मतांच्या फरकाने त्यांनी बर्नमध्येच राहू म्हटले, आणि बेलप्राओं बर्नमध्येच आहे.