छंदाचा ताळेबंद

आमच्या ऑफिसात हल्ली दर तिसऱ्या माणसाचा व्हिडिओचा चॅनल असतो. कोणी किल्ले दाखवतं, कोणी मिसळ, कोणी नुसती फ्लॅटची गॅलरी. टपरीवर चहा घेताना विषय निघाला की प्रश्न ठरलेले. पहिला, "सबस्क्रायबर किती?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "नोकरी सोडता येईल का रे यावर?"

या दुसऱ्या प्रश्नावर दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, आवडीचं काम करत राहा, पैसा मागून येतो. दुसरा म्हणतो, आधी एक्सेल उघड. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे दुसऱ्या पंथाचा, असं तुम्ही धरून चालला असाल. पण गेली तीन वर्षं मी आणि बाबा मिळून एक छोटा चॅनल चालवतोय, आणि माझं मत असं झालंय की हे दोन्ही पंथ एकमेकांशी नीट बोललेलेच नाहीत.

चॅनल कसला, तर जुन्या एचएमटी घड्याळांच्या दुरुस्तीचा. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात लाखो घरांत 'जनता' पोचलं. आमच्याही. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि बंद पडलेली घड्याळं गोळा करून उघडायला लागले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरा कागद. मी शनिवारी कॅमेरा लावतो, रविवारी एडिटिंग करतो.

आता पैशाचं गणित, कारण त्याबद्दल कोणी धड बोलत नाही. लांबीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीत वाटा मिळवायचा तर यूट्यूबवर १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितले जाणं हा एक रस्ता. ही अट २०१८ पासूनची. मग त्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलला. पैसे बँकेत येतात ते १०० डॉलर साठल्यावर. आमचे महिन्याला साठेक डॉलर व्हायचे, म्हणजे ढोबळ पाच हजार रुपये. महिन्याला चार व्हिडिओ, प्रत्येकाला दुरुस्ती, शूटिंग, एडिटिंग धरून १३ तास. म्हणजे ५२ तास. भागाकार करा: तासाला शंभर रुपयेसुद्धा नाहीत!

हा आकडा मी बाबांना दाखवला. मला वाटलं ते हिरमुसतील. ते उठले आणि कपाटातून एक वही घेऊन आले. पहिल्या घड्याळापासूनची नोंद. कोणतं मॉडेल, काय बिघाड, कुठला पार्ट, कितीला मिळाला, किती तास लागले. चौतीस वर्षं कारखान्यात जॉब कार्ड भरलेला माणूस तो. म्हणाले, "आवड आहे म्हणून हिशोब ठेवायचा नाही, हे तुला कोणी सांगितलं? आवड आहे म्हणूनच ठेवायचा. नाहीतर ती कुठे संपली ते कळतच नाही."

हे ऐकून मला जॅक कॉन्टे आठवला. पॉम्पलमूस या अमेरिकन जोडगोळीतला संगीतकार, यूट्यूबवर गाणी टाकून नावारूपाला आलेला. २०१३ मध्ये त्यानं एका व्हिडिओसाठी 'स्टार वॉर्स'मधल्या यानाच्या कॉकपिटसारखा सेट उभा केला, जवळपास दहा हजार डॉलर घातले. जाहिरातींतून मिळणार होते फार तर काही शे. आवड शंभर टक्के, हिशोब शून्य, असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. त्यानं मात्र त्याच फरकाकडे बोट दाखवून कॉलेजच्या रूममेटला, म्हणजे प्रोग्रॅमर सॅम यामला गाठलं, आणि दोघांनी त्याच वर्षी पेट्रिऑन सुरू केलं: चाहत्यांनी कलाकाराला थेट वर्गणी द्यायची सोय.

मला त्याची पुढची गोष्ट जास्त आवडते. २०१४ मध्ये पॉम्पलमूसनं २८ दिवसांचा दौरा केला आणि कॉन्टेनं त्याचा पूर्ण हिशोब जाहीर छापला. जमा १,३५,९८३ डॉलर, खर्च १,४७,८०२. तोटा ११,८१९. दोघंच गेले असते तर पैसे सुटले असते, पण त्यांना पूर्ण बँड घेऊन कार्यक्रम करायचा होता. खर्च मोठा होणार हे माहीत असून त्यांनी तो गुंतवणूक म्हणून केला. बिझनेस प्लॅन म्हणजे नफाच हवा असं थोडंच आहे? तोटा किती परवडतो आणि तो कशासाठी सोसायचा, हे आधी लिहून ठेवणं हासुद्धा प्लॅनच.

खरा पेच आमच्याकडे मागच्या वर्षी आला. एका स्मार्टवॉच कंपनीचा निरोप: दोन व्हिडिओत घड्याळ हातात घालून दाखवा, चाळीस हजार घ्या. आमची आठ महिन्यांची कमाई! शिवाय बाबांचं वय ७१. उजवा हात अधूनमधून थरथरतो. बॅलन्स व्हील बसवणं अजून किती वर्षं जमेल हा प्रश्न घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी काढत नाही. मिळताहेत तोवर घ्यावेत, असं आईचं स्पष्ट मत. माझा काटा मधेच अडकलेला.

बाबांनी एवढंच विचारलं, "हे बिघडलं तर मला उघडून दुरुस्त करता येईल का?" नाही. "मग मी काय सांगू लोकांना?"

लोक आमचे व्हिडिओ बघतात ते वस्तू उघडता येते, नीट करता येते, या एका विश्वासावर. तो आमचं भांडवल. चाळीस हजारांत तो विकला असता तर नंतर विकायला काही उरलं नसतं. आम्ही नाही म्हणालो. पुढे एका छोट्या दुकानानं चिमटे आणि स्क्रूड्रायव्हरसाठी सहा हजार देऊ केले. बाबा तेच चिमटे आधीपासून विकत आणत होते. ते घेतले, आणि व्हिडिओवर 'जाहिरात' असं ठळक लिहिलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी वहीच्या शेवटच्या पानावर नियम लिहिले. महिन्याला दोनच व्हिडिओ. हात थरथरत असेल त्या दिवशी कॅमेरा बंद, तारीख गेली तरी चालेल. चॅनलचा पैसा घरखर्चात धरायचा नाही. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत तोटा मान्य, त्यापुढे नाही. जी वस्तू आपण पैसे देऊन घेऊ तिचीच जाहिरात. गंमत म्हणजे व्हिडिओ निम्मे झाले तरी उत्पन्न निम्मं झालं नाही, कारण जुने व्हिडिओ लोक बघतच असतात. आणि बाबा पुन्हा घड्याळ उघडताना गुणगुणायला लागले, जे मधल्या काळात बंद झालं होतं. एक्सेलमध्ये याला कॉलम नाही.

तुमच्यापैकी कोणाला खरंच पूर्णवेळ यात उतरायचं असेल तर मी अडवणारा कोण? फक्त दोन गोष्टी. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवरचा चॅनल म्हणजे भाड्याचं घर. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा भारतातल्या कितीतरी जणांचा प्रेक्षक एका फटक्यात गेला. तेव्हा उत्पन्नाचा दुसरा नळ असल्याशिवाय राजीनामा टाइप करू नका. आणि दुसरं, नोकरी सोडायच्या आधी तीन आकडे लिहा: महिन्याला किमान किती लागतात, किती महिने तोटा झेपेल, आणि कितीही पैसे मिळाले तरी काय विकणार नाही. तिसरा खरं तर आकडा नाही, पण सगळ्यात आधी तोच लिहा. हातात चेक आल्यावर तो लिहिणं फार अवघड जातं.

असो. सोमवारी स्प्रिंट प्लॅनिंग आहे, तिथे मात्र आपल्याला कोणी विचारत नाही काय विकणार नाही म्हणून!