सागवानाच्या गावी तरोट्याची भाजी

आलापल्लीचं नाव निघतं ते सागासाठी. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये सागवान गेलं ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं. भामरागड रस्त्यावरचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जुन्या सागांचा राखीव तुकडा 2014 पासून जैवविविधता वारसास्थळ आहे. पाहुणे तिथे माना वर करून उभे राहतात. मृगाच्या सरी पडून गेल्या की गावातल्या बाया मात्र खाली बघत चालतात, कारण पडीक जागेत, धुऱ्यावर, कुंपणाच्या कडेने तरोटा उगवलेला असतो. कोकणात, पुण्याकडे यालाच टाकळा म्हणतात.

मी ही भाजी शिकले ती आलापल्लीतल्या एका काकूंकडून. चुलीजवळ बसण्याआधी त्यांनी मला धुऱ्यावर नेलं. वीतभर वाढलेल्या रोपाचा त्या फक्त शेंडा खुडत होत्या. फुलावर आलेलं रोप त्यांनी हातही न लावता सोडलं. तोवर पान राठ झालेलं असतं. तणनाशक मारलेला बांधही त्यांनी तसाच ओलांडला.

शेजारीच कासविंदा उभा होता. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. काकूंनी दोघांची पानं तळहातावर ठेवली. तरोट्याच्या काडीवर बहुधा पानांच्या तीनच जोड्या, टोकाला गोलसर, शेवटची जोडी सर्वांत मोठी. कासविंद्याच्या जोड्या जास्त आणि पान टोकदार. ही पारख जिवाशी निगडित आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं एकाएकी बेशुद्ध होऊन दगावत. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने हे होतं, असं पुढे डॉक्टरांनी शोधून काढलं.

खुडायला, निवडायला वेळ लागतो. चुलीवर दहा मिनिटं पुरतात. पाला दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, पूर्ण निथळू द्यायचा आणि मगच चिरायचा. लोखंडी कढईत तेल तापलं की ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि हात सैल सोडून कांदा. कांदा गुलाबी झाला की भिजवलेली मूगडाळ, ती जराशी परतली की पाला. मी सवयीने तांब्याकडे हात नेला, तशा काकू म्हणाल्या, “पानी टाकू नोको बाई, पाला आपनच पानी सोडते.” झाकणही नाही. कढईभर दिसणारा पाला बघता बघता मूठभर होतो, म्हणून मीठ तो आळल्यावरच. आधी टाकलं तर अंदाज हमखास चुकतो.

इथे ही भाजी भातासोबत खातात. तरोट्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, तंतू आहेत. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबट हवं, म्हणून ताटात लिंबू पिळावं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. पोटाला ती किंचित सारक आहे, तेव्हा पहिल्या दिवशी बेतानेच वाढून घ्यावी. एवढं देणारी भाजी ‘गरिबाची’ म्हणून पंगतीतून बाहेर ठेवतात, हे मला अजिबात पटत नाही.

पावसाळा पुढे सरकला की तरोटा फुलावर येतो आणि बाजारात काटवलं दिसू लागतात. त्यांच्या चकत्याही अशाच, पाणी न घालता, कडा लालसर होईपर्यंत परतायच्या. आतल्या बिया कोवळ्या असतील तर राहू द्यायच्या, कडक झाल्या असतील तर काढून टाकायच्या.