क्यासनूरचं देणं

माकडतापावर आजही नेमकं औषध नाही. तरी माझी आई त्यातून उठली आणि पुढच्या वर्षी पुन्हा काजूच्या बागेत गेली. हे कुणामुळे जमलं, याचा माग काढत गेले तर वाट बांद्याहून पुण्याला जाते आणि पुण्याहून पार कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात.

२०१५ साली गोव्यातल्या सत्तरीत हा ताप आला, २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्याच हंगामात आमच्या बांद्याच्या परिसरात. जानेवारी ते मे आमचे काजूचे दिवस. झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे, बी पिळून काढायची, पाठ दुखली की तिथंच वाळक्या पानांच्या पातेऱ्यात टेकायचं. गोचिडीची डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं नेमक्या याच कोरड्या महिन्यांत पातेऱ्यात सर्वांत जास्त असतात. वांदर नि केलडी ही माकडं मरून पडू लागली, की त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. हे सगळं आज वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आईला भरदुपारी हुडहुडी भरली. “बाय, आंग मोडान इला,” एवढंच म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त दिसलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी नाडी धरल्या धरल्या विचारलं, “काजूत जाता काय? आसपास वांदर मेलेलो दिसलो?” मग रक्त घेतलं. नमुने तपासणीला जायचे ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आणि मणिपालला. अहवाल येईपर्यंत सलाईन, ताप उतरवणं आणि रक्तस्रावावर डोळ्यांत तेल घालून पहारा, इतकेच उपचार होते. तेवढ्यानंच ती वाचली. अशक्तपणा मात्र पाऊस सुरू झाला तरी गेला नव्हता.

डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो त्यांना सुचला कुठून? तो साठ वर्षांपूर्वीच कुणीतरी तयार करून ठेवला होता.

१९५७ च्या उन्हाळ्यात शिमोग्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरत असल्याची आणि शेजारच्या गावांत माणसं तापानं पडत असल्याची खबर पुण्यात आली. तिथलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये ते मिळून उभारलं होतं. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतात म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची. तो आशियात कधीच आलेला नव्हता आणि आला असता तर हाहाकार उडाला असता. डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी जंगलात गेले. आजाऱ्यांचं रक्त, मेलेल्या माकडांचे अवयव, हजारो गोचिडी असं सगळं पुण्याला आलं. नमुने उंदरांच्या पिल्लांना टोचून विषाणू वेगळा काढला गेला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचं नातं निघालं दूर रशियातल्या, गोचिडीमार्फतच पसरणाऱ्या मेंदूज्वराशी. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी तो इकडे आणला असेल का, ही शंकाही तेव्हा आली आणि सलीम अलींच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला त्यातून मोठं बळ मिळालं. पक्ष्यांच्या अभ्यासाचा आणि माझ्या आईच्या तापाचा असा धागा असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं.

या कामाची किंमत मोठी होती. प्रयोगशाळेतल्या अनेकांना हाच विषाणू चिकटला आणि ते आजारी पडले. आजच्यासारखे बंदिस्त कक्ष तेव्हा नव्हते; पुण्याजवळ पाषाणची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा २०१२ मध्ये उभी राहिली. त्या तंत्रज्ञांची नावं मला माहीत नाहीत. आणि क्यासनूरच्या भोवतालच्या शेतकऱ्यांची तर कुणालाच माहीत नसतील. त्यांनी तापात फणफणत असताना दंड पुढे केला. त्या रक्तातून त्यांना स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. मिळालं ते आम्हाला. माझं खरं देणं त्यांचं आहे, असं मी मानते.

आमच्याकडे सरकारचं आरोग्य पथक आलं तेव्हा त्यांचं काम मी जवळून पाहिलं. पायमोजांत पँट खोचलेली माणसं पांढरं कापड पातेऱ्यावरून हळूहळू ओढत न्यायची, उलटं करायची आणि कापडाला चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं एकेक उचलून बाटलीत घालायची. भर उन्हात, दिवसभर. मेलेल्या माकडाभोवती पावडर मारायची. आम्हाला सांगायची: पायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावा, पातेऱ्यात बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणानं आंघोळ करा. त्यांच्यातला एक मुलगा आईच्या खाटेशी येऊन बसला आणि ती कुठल्या कोपऱ्यात बोंडू वेचत होती ते विचारून त्यानं वहीत बागेचा नकाशा काढला. इतक्या आस्थेनं सरकारनं आमच्या बागेकडे याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अशा कामाला पैसा आणि माणसं सतत लागतात, साथ नसेल त्या वर्षीही लागतात. साथ ओसरली की पदं रिकामी ठेवायची, हे मला अक्षम्य वाटतं. शिमोग्याकडे वर्षानुवर्षं दिली जाणारी जुनी लस पुरेशी गुणकारी राहिली नाही म्हणून थांबवली गेली. नव्या लशीचं काम चालू आहे. तिची चाचणी गोचिडीच्या टापूत होईल तेव्हा तिथं राहणारी माणसं लागतील, पुन्हा कुणाला तरी दंड पुढे करावा लागेल. आमच्या आरोग्य केंद्रात मी माझं नाव सांगून ठेवलं आहे. आईनं ते ऐकलं आणि म्हणाली, “माझाय घाल.”