कडेचं वजन

तालुक्याच्या स्पर्धेत थाळीफेक सुरू असली की सगळ्यांची नजर जमिनीवर असते. थाळी पडली, टेप लागला, पंचांनी आकडा सांगितला, टाळ्या पडल्या. भोर-वेल्ह्याच्या पोरांना थाळी शिकवताना मी मात्र आकड्याआधी हवेतली थाळी बघतो. टेप फक्त अंतर सांगतो. या मुलाच्या हातात कोणती थाळी द्यावी, हे तिच्या उडण्यावरूनच कळतं.

गोळा हातातून सुटला की जवळजवळ सगळा हिशोब संपलेला असतो. थाळीचा हिशोब तिथून सुरू होतो, कारण ती हवेवर तरंगते. उजव्या हाताची थाळी तर्जनीवरून सुटते आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. भोवऱ्याला जी गिरकी उभं ठेवते, तीच थाळीला हवेत आडवं ठेवते. समोरची हवा थाळीची पुढची कड सतत उचलू पाहते. फिरती थाळी त्या जोराला सरळ दाद देत नाही, ती बाजूला कलते. गिरकी भरपूर असेल तर हे कलणं इतकं सावकाश होतं की तोवर थाळी लांब गेलेली असते. गिरकी अपुरी असली की डावी कड लवकर खाली जाते आणि थाळी डावीकडे घसरून पडते.

म्हणूनच कारखान्यांत एकाच वजनाच्या वेगवेगळ्या थाळ्या घडतात. पुरुषांची थाळी 2 किलोची, महिलांची 1 किलोची; 20 वर्षांखालच्या मुलांची पावणेदोन आणि 18 खालच्यांची दीड किलोची. पण त्या वजनातलं किती कडेला आणि किती मध्यभागी, हे ठरवणं बनवणाऱ्याच्या हातात असतं. शाळेतल्या रबरी थाळीत वजन सगळीकडे पसरलेलं असतं. चांगल्या थाळीत धातूची कड जड आणि मधला भाग हलका असतो. अगदी वरच्या दर्जाच्या थाळीत सुमारे नव्वद टक्के वजन कडेला जातं. अशी थाळी एकदा फिरली की गिरकी सोडत नाही. मात्र तिला फिरवायलाच जास्त जोर लागतो. सगळी मेख इथे आहे.

सातवी-आठवीतलं पोर पहिल्यांदा थाळी धरतं, तेव्हा ते तिला तळहातात घट्ट पकडतं. खरं तर ती बोटांच्या शेवटच्या पेरांवर नुसती टेकायला हवी. या वयात गिरकी येते ती जेमतेम. त्याला जड कडेची महागडी थाळी दिली तर ती डगमगत निघते, पोट दाखवते आणि धपकन पडते. तेच पोर रबरी थाळी कितीतरी सपाट उडवतं. वर्ष-दोन वर्षांत दंड नव्हे, कंबर आधी फिरायला लागते, हात मागे रेंगाळतो आणि शेवटी तर्जनी थाळीला खरा पीळ देते. तेव्हा थोड्या जड कडेची, मधली थाळी काढायची. आणि जो अडीच मीटरच्या वर्तुळात दीड फेरी मारून तोल न जाता फेकतो, त्याच्या हातात जड कडेची थाळी शेवटच्या टप्प्यातही आडवी राहते. अंतर वाढतं ते तिथे, उतरताना.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात इकडे वारा पश्चिमेकडून, घाटावरून येतो. धावण्यात किंवा लांब उडीत वारा पाठीमागून हवा. थाळीला तो समोरून लागतो, कारण समोरचा वारा तिला उचलून धरतो. कमी अंतराच्या धावण्याच्या आणि लांब उडीच्या विक्रमांना पाठीमागच्या वाऱ्याची सेकंदाला 2 मीटर ही मर्यादा आहे. थाळीफेकीला ती नाहीच. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं 14 एप्रिल 2024 रोजी अमेरिकेतल्या रमोना इथल्या वाऱ्याच्या मैदानावर 74.35 मीटर फेकून युर्गन शुल्टचा 1986 पासूनचा 74.08 मीटरचा विक्रम मोडला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिथेच 75.56 मीटर गाठले. पण वेल्ह्याच्या मैदानावर तोच समोरचा वारा नवख्याला मारतो. त्याच्या थाळीचं नाक वर असतं. वारा पोटाखाली शिरतो, थाळी उभी राहते आणि जवळच पडते. म्हणून नवख्याला मी आधी वाऱ्याच्या आडोशाला फेकायला लावतो. नाक खाली ठेवणं जमलं की मग पश्चिमेकडे तोंड.

अमेरिकेत याच हिशोबाचा, डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे. साखळ्यांच्या टोपलीत चकती टाकायची, कमीत कमी फेकींत. तिथल्या चकत्यांवर वेग, तरंगणं, आधीचा कल आणि शेवटचा कल असे चार आकडे छापतात. सर्वांत लांब जाणारी चकती म्हणजे ड्रायव्हर. तिचा वेगाचा आकडा बारा-तेरा किंवा त्याच्याही वर जातो. तो आकडा चकतीला हवा असलेला वेग सांगतो. हात तेवढा वेगवान नसेल तर उजव्या हाताची बॅकहँडनं फेकलेली ड्रायव्हर लगेच डावीकडे वळते, आणि कमी आकड्याची चकती तिच्या पुढे जाते. आमच्या थाळीवर आकडे नसतात, पण नियम तोच.

शाळेकडे बहुधा एकाच थाळीचे पैसे असतात, आणि दुकानदार चकचकीत कडेची थाळी पुढे करतो. मी रबरी किंवा साध्या लाकडी थाळ्या घ्यायला सांगतो, एकाऐवजी दोन-तीन. पुढच्या, जास्त जड कडेच्या थाळीसाठी मुलानं उभ्या फेकीत सलग काही थाळ्या सपाट उतरवून दाखवायच्या. अंतर कितीही असो, डावीकडे ढळली तर अजून नाही. पालकांना हे पटवणं अवघड जातं. त्यांना वाटतं, चांगली थाळी दिली की पोरगं जिल्ह्याला जाईल. मी त्यांना टेपजवळून उठवून वर्तुळामागे, जाळीपाशी उभं करतो. तिथून थाळीची कड दिसते. दोन्ही थाळ्यांच्या दोन-दोन फेकी पाहिल्या की बहुतेक जण स्वतःच सांगतात, कोणती विकत घ्यायची ते.