ययातीला जामीनदार हवा

पुराणातली कथा आजच्या काळात आणायची म्हणजे दुष्यंताला जीन्स घालायची आणि शकुंतलेच्या हातात मोबाइल द्यायचा, अशी एक समजूत आहे. अंगठीच्या जागी डिलीट झालेले फोटो आले की लेखक खूश. पहिल्या पाच मिनिटांत हशा वसूल होतो. पुढे नाटक नुसते कपडे सांभाळत बसतं.

कपडे न बदलताही काळ बदलतो, हे खाडिलकरांनी केव्हाच दाखवून दिलं. १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं, त्यात विराटाचा दरबार होता तसाच होता. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे सरकारचीही दाद मिळालीच म्हणायची.

ययातीचं तर नवलच. खांडेकरांची कादंबरी १९५९ची, कार्नाडांचं कन्नड नाटक १९६१चं, शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ १९६६चं. एकाच राजाच्या मागे तिघे लागले, आणि तिघांचे राजे समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखणार नाहीत. कार्नाडांनी ययातीच्या मुलाला, बापाचं म्हातारपण स्वतःवर घेणाऱ्या पुरूला, बायको दिली, चित्रलेखा. नवरा अचानक म्हातारा होऊन समोर उभा राहिला तर तिने काय करायचं? हा प्रश्न व्यासांना पडला नव्हता. आता मूळ कथा वाचतानाही ती मला दाराआड उभी दिसते.

मी हौशी मंडळांसाठी नाटकं लिहितो. ययाती आमच्या तालुक्यात आणायचं ठरलं, तेव्हा अडलं ते शापापाशी. शापाला आज कोण भितो? आणि शाप नसेल तर कथा उभीच राहत नाही. एकदा झाली की मागे घेता येणार नाही, अशी काहीतरी गोष्ट हवी. किडनी सगळ्यांनीच सुचवली; मुलाने बापाला द्यायची, कायद्यातही बसते. पण किडनी दिलेला मुलगा काही आठवड्यांत कामावर जातो. पुरूने तर सगळंच दिलं होतं.

म्हणून मी कर्ज घेतलं. नाटकात. साठीच्या बापाला जिल्हा परिषदेची निवडणूक आणखी एकदा लढायची आहे, आणि सासरा पतसंस्थेचा चेअरमन. शुक्राचार्यांची जागा त्याने आयती भरून काढली. जावयाचा दुसरा संसार कळल्यावर शुक्राचार्य म्हातारपणाचा शाप देतात, आणि पळवाटही तेच देतात: कुणी आपणहून तारुण्य देत असेल तर घे. आमचा चेअरमन फाइल परत ढकलतो आणि म्हणतो, “जावईबापू, आता तुमच्या सहीवर दमडी मिळायची नाही. पगारदार जामीन आणा, तरणाताठा. मग बघू.”

पण पुरू सही का करतो? महाभारतात पितृभक्ती पुरते. आमच्या तालमीत ती कुणाच्या गळी उतरेना. उत्तर मात्र मूळ कथेतच होतं. पुरू हा देवयानीचा नव्हे, शर्मिष्ठेचा मुलगा. लपवून ठेवलेल्या संसारातला धाकटा. आमच्या नाटकात त्या घरी बाप दिवसाउजेडी कधी येत नाही. त्या दिवशी मात्र तो भर दुपारी येतो, सगळ्या आळीदेखत ओट्यावर बसतो आणि जामीनपत्र पुढे करतो. ‘कर्जदाराशी नाते’ या रकान्यात त्याने स्वतःच्या अक्षरात ‘मुलगा’ असं लिहून आणलेलं असतं. पुरू तेवढंच वाचतो. रकमेकडे बघतही नाही. या प्रवेशाला मी संवाद लिहिलेला नाही.

उद्घाटनाच्या भाषणांत कथा कालातीत असल्याचं ऐकतो, तेव्हा मला शेवटचा प्रवेश आठवतो. व्यासांचा ययाती हजार वर्षं भोगून तारुण्य परत करू शकला. पतसंस्थेत ती सोय नाही. आमचा बाप बेबाकी दाखला आणून देतो तेव्हा पोराचे केस पिकलेले, लग्न राहून गेलेलं. कागद परत आला, वर्षं हप्त्यांत गेली. कथेचा शेवट इथे तुटतो, आणि तो जोडायचा प्रयत्न मी केलेला नाही. बक्षीस म्हणून पुरूला तिकडे राज्य मिळालं, इकडे सातबाऱ्यावर नाव लागतं.

टाळ्या मात्र त्याला पडत नाहीत. त्या पडतात थोरल्या यदूला. तो चपला घालता घालता म्हणतो, “तुमची हौस, तुम्हीच फेडा.” महाभारतात एवढ्यासाठी त्याला बापाचा शाप मिळाला होता.